विमानाची एक लाख वर्षं आणि चांदशैलीचा घाट

समजा, एखाद्या माणसाने रोज विमानाने प्रवास करायचं ठरवलं. एक दिवसही खाडा नाही. अशा माणसाच्या वाट्याला जीवघेणा अपघात यायला सरासरी किती काळ लागेल? आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, २०२३ सालच्या उड्डाणांवरून हा हिशेब मांडला. उत्तर आलं १ लाख ३ हजार २३९ वर्षं. माणूस शेती करू लागला त्याला दहा-बारा हजार वर्षं झाली. एक लाख वर्षांपूर्वी तो दगडाची हत्यारं घेऊन शिकारीमागे फिरत होता. तेव्हापासून आजवर रोज उडत राहिला असता, तर कुठे एकदा त्याची पाळी आली असती.

आता दुसरा आकडा. १८ ऑक्टोबर २०२५. नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंबा डोंगराची यात्रा करून भाविक घरी परतत होते. तळोदा-धडगाव रस्त्यावरच्या चांदशैली घाटात त्यांची पिकअप दरीत कोसळली. किमान आठ जण गेले, अनेक जखमी झाले. घरी दिवाळी सुरू होत होती.

प्रवास सुरक्षित आहे की नाही, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हे या दोन आकड्यांवरून कळतं. प्रवास लांबचा आहे की जवळचा, यावर धोका ठरत नाही. शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर आपण कशात बसून आणि कसे जातो, त्यावर तो ठरतो.

जग किती हिंडतं

१९५० साली जगभरात मिळून अडीच कोटी पर्यटकांनी दुसऱ्या देशात पाऊल ठेवलं होतं. २०२४ मध्ये हा आकडा १४० कोटींच्या घरात गेला. पंचाहत्तर वर्षांत छप्पन्न पट. सर्वांत लाडका देश फ्रान्स. तिथली लोकसंख्या सात कोटींहून कमी, आणि वर्षभरात येणारे पाहुणे दहा कोटी.

पण भारतासमोर हे आकडे थिटे पडतात. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये देशातल्या देशात झालेल्या पर्यटन भेटींची संख्या सुमारे २५० कोटी होती. एक माणूस चार ठिकाणी गेला तर चार भेटी, अशी ही मोजणी असते. तरीही साऱ्या जगाने ओलांडलेल्या सीमांपेक्षा आपल्या देशातली ही वर्दळ कितीतरी मोठी आहे. आणि त्यातला फार मोठा भाग विमानतळावर कधी दिसतच नाही. तो एसटीत असतो, रेल्वेच्या जनरल डब्यात असतो, भाड्याच्या जीपमध्ये असतो. देवदर्शनाला, जत्रेला, नातलगांकडे, धबधबा पाहायला निघालेला असतो.

नंदुरबार जिल्हा या वर्दळीतला छोटा पण देखणा कोपरा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला, आदिवासीबहुल, सहा तालुक्यांचा हा जिल्हा. सातपुड्यात हजार मीटरहून उंचावर तोरणमाळ आहे, तिथला यशवंत तलाव आणि सीताखाई आहे. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी डोंगरातून माणसांच्या रांगा लागतात. तापीकाठी प्रकाशा आहे, दक्षिण काशी म्हणून ओळखलं जाणारं. सारंगखेड्याला दत्तजयंतीची जत्रा आणि तिथला देशभर गाजलेला घोडेबाजार. १३२५ मीटर उंचीचा अस्तंबा, जिथे अश्वत्थामा अजून फिरतो अशी श्रद्धा आहे. आणि उत्तरेच्या टोकाला नर्मदा. ही सगळी ठिकाणं पाहावीत अशीच आहेत. म्हणून तर तिथून सुखरूप परत येण्याचा हिशेब मांडायचा.

ब्रेकमध्ये किती आग असते

तोरणमाळहून शहाद्याकडे उतरताना गाडी ढोबळ मानाने आठशे मीटर खाली येते. पिकअप आणि तिच्यातली माणसं मिळून तीन टन वजन धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना सुमारे २ कोटी ३५ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ती कुठेतरी जिरवावी लागते. चालकाने नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली, तर यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन चार चाकांच्या ब्रेकमध्ये उतरते. ७५ लिटर गार पाण्याला उकळी आणायला पुरेल एवढी ही उष्णता आहे.

ब्रेकचे लायनर अती तापले की त्यांची पकड सुटते. पायाखालचं पेडल तसंच असतं, दाबलंही जातं, पण गाडी थांबत नाही. अपघातानंतर ‘ब्रेक फेल झाले’ असं आपण ऐकतो, त्यामागे बरेचदा हेच असतं. ब्रेक तुटलेले नसतात, जळून निकामी झालेले असतात. जास्त माणसं भरून गाडीचं एकूण वजन जितकं वाढतं, त्याच प्रमाणात ही उष्णताही चढते.

उपाय जुना आणि फुकटचा आहे. घाट ज्या गिअरमध्ये चढला, त्याच गिअरमध्ये उतरायचा. मग बरंचसं ओझं इंजिन पेलतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारा चालक इंजिनाचा हा आधार स्वतःच काढून टाकतो. दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी वीस जीव पणाला लागतात. गाडीत बसलेल्या कुणालाही हे लक्षात येतं, कारण इंजिनाचा आवाज एकदम मंदावतो. तेव्हा गप्प बसायचं नाही. ‘भाऊ, गिअरमध्ये घ्या’ एवढं म्हणायचा हक्क प्रत्येक प्रवाशाला आहे.

वळणांचं गणित तर आणखी कठोर. वेग दुप्पट झाला की गाडीला वळणाबाहेर फेकणारा जोर चौपट होतो. वीसच्या वेगाने सहज निघणारं वळण चाळीसला चारपट रागाने गाडीशी भांडतं. त्यात पिकअपच्या मागच्या हौद्यात माणसं उभी असली की गाडीचा तोल वर सरकतो आणि ती लवकर कलंडते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एखाद्या न हलणाऱ्या गोष्टीवर आदळणं म्हणजे १४ मीटर उंचीवरून, चार-पाच मजल्यांवरून खाली पडणं. हौद्यात पट्टा नाही, पाठ टेकायला जागा नाही, धरायला दांडा नाही. मालवाहू गाडीतून प्रवासी नेण्याला कायद्याची मनाई आहे ती याच कारणाने. अपघातानंतर विम्याचा दावासुद्धा याच मुद्द्यावर अडकतो.

चांदशैलीचा अपघात एकटा नाही. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळ परिसरातल्या खडकी घाटात मजुरांची जीप दरीत कोसळून सहा जण गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये कोंडाईबारी घाटात सुरतकडे निघालेली खासगी बस कोसळली, पाच जणांचा जीव गेला. भाविक, मजूर, बसचे प्रवासी. कारणं वेगळी असतील, पण डोंगर आणि उतार तेच.

तेरा तासांचा हिशेब

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे मिळून २६० जण गेले. देश हादरला आणि हादरायलाच हवा होता. आता रस्त्यांकडे पाहा. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. दिवसाला सुमारे ४६२. म्हणजे अहमदाबादेत गेली तेवढी माणसं आपल्या रस्त्यांवर दर साडेतेरा तासांनी जातात. रोज. रविवारीही आणि सणालाही.

त्याच वर्षातल्या ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली झाली आहे. हेल्मेट न घालता गेलेले ५० हजार २९. सीटबेल्ट न लावता गेलेले १६ हजार ७१५. हे दोन आकडे जोडले तर ६६ हजारांवर जातात. त्यातले सगळे वाचले असते असं म्हणता येणार नाही, पण हजारो घरांत आज माणूस असता. जगभरात रस्त्यांवर वर्षाला ११ लाख ९० हजार माणसं मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. परदेशी सहलीला निघालेल्या माणसानेही हे ध्यानात ठेवावं. विमानातून उतरून भाड्याची स्कूटर घेतली की एक लाख वर्षांचा तो हिशेब तिथेच संपतो.

नर्मदेचं पाणी

महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा येते ती फक्त ५४ किलोमीटर, आणि तीही याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर. पूर्वी इथे खळाळती नदी होती. आता सरदार सरोवराचं बॅकवॉटर आहे. धरण १३८.६८ मीटर पातळीपर्यंत भरलं की पाणी २१४ किलोमीटर मागे पसरतं. एकूण साठा सुमारे साडेनऊशे कोटी घनमीटर. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला वाटला तर माणशी हजार लिटरहून अधिक पाणी. या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली ३३ गावं पूर्ण किंवा काही अंशी गेली. धरणाच्या खालच्या अंगाला १८२ मीटरचा जगातला सर्वांत उंच पुतळा पाहायला लाखो पर्यटक येतात. वरच्या अंगाला, याच पाण्यात, लोक दवाखान्यापासून बाजारापर्यंत बोटीने जातात.

१५ जानेवारी २०१९, मकर संक्रांत. धडगाव तालुक्यातल्या भूषा इथे नर्मदेच्या पूजेसाठी आलेल्या लोकांची बोट उलटली. बोटीत साठाहून अधिक माणसं होती. किमान सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलं होती.

साठ माणसं म्हणजे तीन टनांहून जास्त वजन. त्यातली पंधरा-वीस एका अंगाला सरकली तरी छोट्या बोटीचा तोल जातो. आणि वाचायला काय लागतं? आकडा ऐकून विश्वास बसत नाही. पाण्यात माणसाचं शरीर जवळजवळ तरंगतंच. तोंड पाण्यावर ठेवायला काही किलोचा आधार पुरतो. म्हणून दहा किलो उचल देणारं साधं लाइफ जॅकेट सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला वर धरून ठेवतं. ते अंगात असावं लागतं, बोटीच्या कोपऱ्यात ढीग करून नाही. जगात वर्षाला तीन लाख माणसं बुडून मरतात, तासाला तीसहून अधिक. त्यातलं जवळजवळ दर चौथं माणूस पाच वर्षांखालचं मूल असतं.

जत्रेतला चौरस मीटर

गर्दीचंही मोजमाप असतं. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली की दाटी होते, पण चालता येतं. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या पायांवर चालत नाही; गर्दी पाण्यासारखी वाहू लागते आणि लाट येईल तिकडे नेते. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक गेले. २०२२ मध्ये सोलच्या इटेवॉनमध्ये जेमतेम चार मीटर रुंदीच्या एका बोळात १५९ जण गेले. चेंगराचेंगरीत बहुतेकांचा जीव पायाखाली आल्याने जात नाही. छाती दाबली जाऊन श्वास घेता येत नाही म्हणून जातो.

सारंगखेडा असो, प्रकाशा असो की नाशिकचा सिंहस्थ, एक खूण लक्षात ठेवा. चारही बाजूंनी अनोळखी अंगं लागली आणि हात वर उचलता येईना, की पुढे जाण्याचा विचार सोडा. हात छातीसमोर घ्या, लाटेशी झुंजू नका आणि लाट ओसरताच तिरपे कडेला सरका. लहान मूल खांद्यावर घ्या.

आता करायचं काय

पावसाळ्यात तोरणमाळला निघालात तर सापाचीही जाण ठेवा. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू होतात, त्यातले निम्मे जून ते सप्टेंबरमध्ये. बॅटरी, बूट, जमिनीवर न झोपणं, आणि चावलंच तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना. डोंगरात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. जखमीला तोरणमाळहून शहाद्याला आणायलाच दीड-दोन तास जातात. म्हणून निघताना घरी मार्ग आणि परतीची वेळ सांगून ठेवा. १०८ आणि ११२ हे दोन क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

पण सगळा भार प्रवाशाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. अस्तंब्याचा भाविक हौसेने हौद्यात उभा राहत नाही. नर्मदाकाठची बाई हौसेने भरलेल्या बोटीत चढत नाही. दुसरी गाडी नसते, दुसरी बोट नसते. यात्रेच्या तारखा पंचांगात आधीच ठरलेल्या असतात. त्या चार दिवसांसाठी जादा एसटी, घाटाच्या तोंडाशी गाड्यांची तपासणी, धोक्याच्या वळणांवर भक्कम कठडे आणि प्रत्येक बोटीत माणशी एक जॅकेट, एवढी मागणी फार मोठी नाही. पंढरीच्या वारीला हजारो जादा गाड्या सोडणाऱ्या राज्याला सातपुड्यातल्या एका यात्रेसाठी काही डझन गाड्या सोडणं जड नाही.

तोवर आपल्या हातातलं आपण करू. भरलेल्या पिकअपमध्ये चढू नका, पुढच्या गाडीची वाट पाहा. जॅकेट नसेल तर बोट सोडून द्या. घाटात गाडी न्यूट्रलवर गेली तर चालकाला थांबवा. जगातल्या सर्वांत सुरक्षित वाहनाला ही सुरक्षितता नशिबाने मिळालेली नाही. प्रत्येक अपघातानंतर कारण शोधून नियम बदलला, म्हणून ती आली. सातपुड्याच्या घाटांनाही तोच न्याय लागू आहे, आणि पुढच्या धनत्रयोदशीच्या आत तो लागू झाला पाहिजे.