खळ, सरस आणि फेविकॉल

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या ज्या बाइंडरकाकांकडे मी जुनी पुस्तकं बांधायला देतो, त्यांच्याकडे खळ अजून घरचीच असते. मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, गुठळी राहता कामा नये. मग मंद आचेवर ठेवून ढवळत राहायचं. साधारण 60 अंशांच्या पुढे मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि पांढरं पातळ पाणी बघता बघता दाट, चकचकीत होतं. शेवटी चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी, त्यामुळे खळीला कीड आणि बुरशी लागत नाही; आणि त्याचमुळे हे पातेलं आणि पळी स्वयंपाकाच्या भांड्यांत कधी मिसळत नाहीत.

खळीची गंमत कळते ती पुठ्ठ्यावर कापड चढवताना. काका ब्रशने खळ फिरवतात, कापड ठेवतात, तळव्याने मधून कडेकडे दाबत हवा काढतात. तिरकं बसलं तर अलगद उचलून पुन्हा बसवतात; खळ तेवढा वेळ देते. थोड्या वेळाने मात्र तो सरळसोट पुठ्ठा कापडाच्या बाजूला वाकू लागतो. मला वाटलं, काम बिघडलं. ‘‘वाकू द्या, आतून अस्तर लागलं की येईल ताळ्यावर,’’ काका म्हणाले. ओलं कापड सुकताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. आतल्या बाजूला अस्तराचा कागद चिकटवला की तोही सुकताना उलट बाजूला ओढतो. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सरळ. त्यानंतर पुस्तक रात्रभर शिकंज्यात.

पुस्तकाच्या पाठीला मात्र ते फेविकॉल लावतात. फेविकॉल म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे बारीक कण. ते पाणी कागदात, लाकडात जिरतं किंवा उडून जातं, कण एकमेकांना बिलगतात आणि पांढऱ्याचा पारदर्शक, लवचीक पापुद्रा होतो. पुस्तक उघडताना पाठ वाकते, तिथे हा लवचीकपणा उपयोगी पडतो. पाणी जायला वाट हवी, म्हणूनच काचेला काच किंवा पत्र्याला पत्रा जोडायला फेविकॉल कामाचं नाही. बळवंत पारेख यांनी 1959 मध्ये ते बाजारात आणलं. त्याआधी सुतारांना सरस शिजवावा लागे: जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, रात्रभर भिजवायचा, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा, गार होण्याच्या आत लावायचा. वर तो वास! सुतारांनी सरस टाकला याचं नवल नाही. पण व्हायोलिन बनवणारे कारागीर आजही सरसच पसंत करतात. ऊब आणि ओल दिली की त्याचा सांधा सुटतो आणि वाद्य न फोडता दुरुस्तीसाठी उघडता येतं.

मोठ्या छापखान्यांत यातलं काहीच नसतं. परफेक्ट बाइंडिंगच्या यंत्रात पुस्तकाची पाठ खरवडली जाते, तिच्यावर वितळलेला हॉटमेल्ट गम पसरतो, वर कव्हर बसतं. गम गार झाला की काही सेकंदांत काम फत्ते. झटपट आणि स्वस्त, हे मान्य. पण तो गम वर्षांनी कडक होतो, पाठ तडकते आणि पानं सुटी होऊन हातात येतात. काकांच्या निम्म्या धंद्याचं मूळ तिथे आहे.

घाई कुठे नडते हे पंक्चरवाल्याकडे पाहावं. तो ट्यूब घासून सोल्युशन लावतो आणि ते हाताला कोरडं लागेपर्यंत स्वस्थ बसतो. त्यातला द्रव उडण्याआधी ठिगळ दाबलं तर तो आत कोंडतो आणि ठिगळ सुटतं. फेविक्विकचा स्वभाव नेमका उलटा: ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, म्हणून कपाचा कान चिकटण्याआधी आपली दमट बोटं चिकटतात. धातू, दगड, चिनीमाती यांना अ‍ॅराल्डाइटची जोडी चांगली; दोन्ही नळ्यांतला माल सारखा घ्यायचा आणि नीट कालवायचा, एवढंच पथ्य.

आणि जुनं पुस्तक? त्याच्यासाठी या सगळ्यांत सर्वांत कमजोर असलेली खळच सर्वांत चांगली. फाटलेल्या पानावर काका पातळ कागदाची पट्टी खळीने लावतात. उद्या कुणाला ती दुरुस्ती आवडली नाही, तर हलक्या ओलीने पट्टी सुटते आणि पान शाबूत राहतं. जुन्या कागदपत्रांचं जतन करणारेही याच कारणासाठी स्टार्चची खळ वापरतात. सेलोटेपचं तसं नाही. तिचा गोंद कागदात मुरतो, पिवळा-तपकिरी पडतो. काही वर्षांनी वरचं प्लास्टिक गळून जातं, डाग राहतो, आणि तो काढणं जवळजवळ अशक्य. तेव्हा घरातली पोथी, आजोबांची वही किंवा जुना दिवाळी अंक फाटला असेल, तर सेलोटेप लावू नका, फेविक्विक तर नाहीच. तसाच कागदात गुंडाळून बाइंडरकडे न्या आणि ‘खळीनेच करा’ असं आवर्जून सांगा.