दिव्यांग कलावंत आणि नृत्यकला : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिव्यांग कलावंत रंगमंचावर आला की प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. परंतु त्या टाळ्यांत कलेची पारख किती आणि अनुकंपा किती, याचा विचार आपण क्वचितच करतो. या अनुकंपेच्या मुळाशी असलेले काही गैरसमज तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.

गैरसमज : नृत्यास अव्यंग देह अपरिहार्य आहे.

वस्तुस्थिती : मुंबईच्या भरतनाट्यम् नर्तकी सुधा चंद्रन यांचा उजवा पाय १९८१ मधील अपघातानंतर कापावा लागला, तरीही ‘जयपूर पाय’ हा कृत्रिम पाय बसवून, असह्य वेदना सोसत सराव करून, १९८४ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. या यशाचे श्रेय केवळ जिद्दीस देणे मात्र अपुरे होय. रबराचा, घोट्याशी लवणारा आणि अनवाणी वापरता येणारा तो पाय, अनवाणीच सादर होणाऱ्या त्या नृत्यास अनुरूप होता. योग्य साधन मिळाले, म्हणून जिद्द फळास आली.

गैरसमज : चाकांची खुर्ची ही नृत्यातील उणीव आहे.

वस्तुस्थिती : १९९१ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ‘कँडोको’ या नृत्यसंस्थेने, आणि आपल्याकडे सय्यद सलाउद्दीन पाशा यांच्या नृत्यरचनांनी, खुर्चीची संथ सरकती गती आणि तिची सलग गिरकी यांतून, पावलांना सहसा न साधणारी लय निर्माण केली. येथे खुर्ची रचनेचाच एक अवयव ठरते.

गैरसमज : दृष्टिहीनास रंगमंच पेलत नाही.

वस्तुस्थिती : स्वागत थोरात दिग्दर्शित ‘अपूर्व मेघदूत’ या मराठी नाटकात दृष्टिहीन कलावंतांनीच कालिदासाची सृष्टी रंगमंचावर उभी केली. पावलांचे मोजमाप, सहकलाकाराच्या आवाजाची दिशा आणि स्पर्श यांवर हालचालींची आखणी करता येते. मात्र त्यासाठी तालमीला अधिक अवधी आणि दिग्दर्शकाकडे निराळी भाषा लागते, कारण ‘असे करून दाखव’ म्हणण्याऐवजी त्याला प्रत्येक मुद्रा शब्दांत आणि स्पर्शातून समजावून द्यावी लागते.

गैरसमज : अशा कलेस साहाय्य करणे हा दानधर्म आहे.

वस्तुस्थिती : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २९ मध्ये दिव्यांग कलावंतांना सुविधा व अर्थसाहाय्य देण्याची, तसेच कलाविषयक अभ्यासक्रमांची पुनर्रचना करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. सबब हा प्रश्न मेहेरबानीचा नसून हक्काचा आहे.

तरीही पुणे जिल्ह्याच्या आंदर मावळातील वडेश्वर किंवा खांडीच्या एखाद्या दिव्यांग मुलीस नृत्य शिकावेसे वाटले, तर टाकव्यावरून कान्हे स्थानक गाठून लोकलने पुण्यास जाण्याचा खटाटोप तिच्या कुटुंबाच्या माथी येतो. कायद्यातील तरतूद तिच्या गावी पोहोचावी, शाळेतील नृत्याच्या तासाला तिला बाजूला बसवू नये आणि यात्रेच्या व्यासपीठास पायऱ्यांसोबत उतारही असावा, एवढे तरी ग्रामपंचायतीने आणि शिक्षकांनी आजच मनावर घ्यावे. कारण तिला वगळून बसविलेल्या नृत्यात, ती जी नवी गती आणू शकली असती तिला आपण सारेच मुकतो.