उन्हाळ्यातील कीटकांची ओळख

चैत्र-वैशाखात खानदेशात फुलपाखरे पाहावयास निघा, असे आम्ही म्हटले तर जळगाव-धुळ्याचे लोक आम्हांलाच ऊन लागले असे समजतील. पारा बेचाळिसाच्या पुढे आणि काळ्या रानात हिरवे पान नाही! पण नवशिक्याला हाच हंगाम सोयीचा. पावसाळ्यानंतर फुलपाखरे चहूकडे विखुरलेली असतात. उन्हाळ्यात त्यांना थारा देणाऱ्या जागाच मोजक्या उरतात. परसातले लिंबू, बांधावरची रुई, फुललेला बहावा, तापी-गिरणा-पांझरेच्या पात्रातील ओलसर वाळू. तेथे सकाळी ऊन तापण्यापूर्वी जावे म्हणजे झाले.

ओळख पटविण्याचा आमचा नियम असा की आधी झाड पाहावे, मग पाखरू. कारण मादी अंडी घालते ती अळीला मानवणाऱ्या ठरावीक वनस्पतींवरच. लिंबाभोवती घिरट्या घालणारे, काळ्या पंखांवर पिवळट ठिपके आणि मागच्या पंखाच्या कडेला एक तांबडा डाग असलेले पाखरू दिसले की ते लिंबाचे फुलपाखरू समजावे. त्याची कोवळी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी दुशिंगी बाहेर काढून उग्र वास सोडते. मुलांना ही गंमत अवश्य दाखवावी. मात्र लहान कलमावर अशा दहा-वीस अळ्या असतील तर त्या वेचून काढाव्या. तेथे आम्ही त्यांची वकिली करणार नाही.

रुईवरचे नारिंगी पाखरू, ज्याच्या पंखांची टोके काळी-पांढरी असतात, ते जरा बारकाईने पाहावे. रुईच्या चिकातील विष त्याच्या अंगात मुरलेले असते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. या दराऱ्याचा फायदा दुसरेच एक पाखरू घेते. त्याची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. नर काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा. मादीने मात्र रुईवरच्या पाखराचा वेष जसाच्या तसा उचललेला! मागचा पंख पाहावा. मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतील तर ते खरे रुईचे. वरच्या कडेशी एकच ठिपका असेल तर ती सोंग घेणारी मादी होय.

नावे कळण्यात आनंद आहेच, पण आमच्या मते ओळखीची खरी किंमत निराळी आहे. लाल, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा सर्वांना आवडतो. त्याची पिल्ले मात्र मगरीसारखी लांबट, काळसर आणि ओंगळ दिसतात. म्हणून लोक त्यांनाच चिरडतात वा औषध मारतात. वस्तुतः मावा फस्त करण्याचे काम तीच पिल्ले करीत असतात.

आणि आता कापूस. गुलाबी बोंडअळीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ साली साँडर्स याने भडोचच्या नमुन्यांवरून केले. २००२ साली बी.टी. कपाशी आली, पुढे तिच्या विषाला ही अळी सरावली आणि २०१७ साली महाराष्ट्रात तिने कापसाचे फार नुकसान केले. उन्हाळ्यात ती कोठे असते? घरामागे सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांतील किडक्या बोंडांत, आणि जिनिंगच्या सरकीत, दोन सरक्या एकमेकींस चिकटवून त्यांच्या आत झोपलेली. पावसासरशी तिचे पतंग बाहेर पडतात, आणि मे महिन्यातच लावलेल्या बागायती कपाशीवर त्यांना पात्या आयत्या मिळतात. शेजारी जिनिंगचे आवार असेल तर संध्याकाळी दिव्याखाली पाहावे: करड्या-तपकिरी रंगाचा, पंखांवर काळसर डाग असलेला, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा पतंग. तो दिसला तर शेतकरी नातलगांस त्याच दिवशी कळवावे, आणि त्यांच्या पऱ्हाट्यांचा ढीग पावसाआधी हलला की नाही तेही विचारावे.