साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी : बेंगळुरूत घेताना

• कट म्हणजे नुसता आकार नव्हे. पैलूंचे कोन आणि प्रमाण. चमक ठरते ती यावर. गोल ब्रिलियंटला ५७ किंवा ५८ पैलू. त्याचे गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९मध्ये मांडले.

• एमराल्ड कट : पायऱ्यांसारखे पैलू. आतला डाग चटकन दिसतो.

• हिऱ्याचा १ कॅरट = २०० मिलिग्रॅम = १०० सेंट. सोन्याचा कॅरट शुद्धतेचा. १८ कॅरटवर शिक्का ७५०.

• अंगठीवरचा हॉलमार्क सोन्यापुरताच. हिऱ्याचे प्रमाणपत्र (जीआयए, आयजीआय या संस्थांचे) वेगळे मागावे लागते. त्याचा क्रमांक अनेकदा हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो. दहापट भिंगातून वाचता येतो.

• पेढ्या : कमर्शियल स्ट्रीट, डिकन्सन रोड, जयनगर, जुनी सराफी चिकपेट, अव्हेन्यू रोडला. सी. कृष्णय्या चेट्टी पेढी १८६९ची.