घट्ट पकड म्हणजे अचूक ओळख नव्हे

२०२२ मध्ये गुरांत लम्पी या त्वचारोगाची साथ आली, तेव्हा परभणीसह राज्यभर गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. शेळीची लस गाईला कशी चालते, असे अनेकांना वाटले असेल. दोन्ही विषाणू एकाच कुळातले. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही ओळखते. हे खरेच आहे. पण अशा उदाहरणांतून एक समज पक्का होत जातो: ओळख म्हणजे कुलपात किल्ली बसावी तसे आकार जुळणे, आणि किल्ली जितकी घट्ट बसेल तितकी ओळख चांगली. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींबाबत या समजाचा पहिला भाग अपुरा आहे आणि दुसरा जीवघेणा ठरलेला आहे.

टी-पेशी समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावर मांडलेले प्रथिनांचे तुकडे तपासते. त्यांतले बहुतेक तुकडे शरीराचे स्वतःचेच असतात, परके मोजके, आणि दोहोंतला फरक कधीकधी एका अमिनो आम्लाचा. शिवाय तुकडा धरणाऱ्या टी-पेशीच्या ग्राहकाची (रिसेप्टरची) परक्या तुकड्यावरची पकडही कच्चीच असते. मग निवाडा होतो कसा? टी-पेशी स्थिर बसत नाही. ती सरकते, चाचपते, ओढते. म्हणून ओढल्यावर जोड किती टिकतो, हे पाहायला हवे. अमेरिकेतील जॉर्जिया टेकमध्ये चेंग झू यांच्या गटाने तांबड्या रक्तपेशीचा स्प्रिंगसारखा वापर करून हे मोजले. २०१४ च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पेशीला चेतवणाऱ्या तुकड्याशी झालेला जोड ताण वाढवला तसा जास्त वेळ टिकला, साधारण १० पिकोन्यूटनपर्यंत. एक ग्रॅम वजनाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा हा ताण. पेशीला न चेतवणाऱ्या तुकड्यांचे जोड मात्र ताणाबरोबर लवकर तुटत गेले.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: ओढले ते उपकरणाने, पेशी स्वतः ओढते कशावरून? २०१६ मध्ये एमरी विद्यापीठातील खालिद सलाइता यांच्या गटाने ठरावीक ताणाला उलगडणारे डीएनएचे धागे वापरून टी-पेशीची स्वतःची ओढ टिपली. ती १२ ते १९ पिकोन्यूटन भरली. दुसरा आक्षेप: ओढल्याने पकड वाढते, हेच मुळात अजब. तसे वाटत असेल, तर मुंबईकडे पाहावे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या गटाने भक्षक पेशींनी गिळलेल्या मण्यांवरचे बल लेझरच्या चिमट्याने पेशीच्या आतच मोजले (२०१३). तिथे पेशीत ओझी ओढणाऱ्या प्रथिनांपैकी बलवान कायनेसिन मोठ्या ताणाखाली झटकन सुटले, आणि एरवी दुबळे डायनिन चिवटपणे धरून राहिले. ही प्रथिने वेगळी, काम वेगळे. पण ताणाने घट्ट होणारी पकड निसर्गात आहे, एवढे त्यातून दिसते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. २०१९ मध्ये पेशी वगळून केवळ रेणूंवर केलेल्या एका प्रयोगात टी-पेशीच्या ग्राहकाचा हा गुण दिसलाच नाही. तेव्हा तो रेणूंच्या जोडीत आहे की जिवंत पेशीच्या यंत्रणेतून येतो, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटल्याचे भासवू नये. मात्र जिवंत पेशी ओढते, ही नोंद त्या प्रयोगाने पुसली जात नाही.

घट्ट पकड की ताणाखालचा टिकाऊपणा, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. कर्करोगातील मेज-ए-३ या प्रथिनाविरुद्ध टी-पेशींच्या ग्राहकाची पकड मुद्दाम वाढवून त्या पेशी रुग्णांना दिल्या गेल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार दोन रुग्ण दगावले: वाढवलेल्या पकडीने हृदयाच्या स्नायूतील टायटिन या प्रथिनाचा मिळताजुळता तुकडाही धरला होता. पुढे २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्सिया यांच्या गटाने उलट वाट धरली. पकड नैसर्गिक मर्यादेतच ठेवायची, फक्त ताणाखालचा टिकाऊपणा वाढवायचा. प्रयोगशाळेत या ग्राहकांनी कर्कपेशी अधिक प्रभावीपणे मारल्या आणि टायटिनला मात्र दाद दिली नाही.