‘कोसला’ : पोरांना झेपेल का?

आपल्या मंडळात दरवर्षी एक प्रश्न निघतोच : हैदराबादेत वाढलेल्या मुलांना मराठीत वाचायला काय द्यावे? पु. ल. आणि मिरासदार ही नावे लगेच पुढे येतात. ‘कोसला’ म्हटले की मात्र ज्येष्ठ मंडळी मान हलवतात. “फार जड आहे ती, पोरांना झेपायची नाही.” आम्हाला हे पटत नाही. ‘कोसला’ ही आधी हसवणारी कादंबरी आहे. जड होते ती नंतर.

भालचंद्र नेमाडे यांची ही पहिलीच कादंबरी, 1963 साली प्रसिद्ध झाली. लेखकाचे वय तेव्हा पंचवीस. नेमाडे जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे. पुढे त्यांना 2014 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर हाही सांगवीचा आणि पंचविशीतलाच. खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचा हा मुलगा शिकायला पुण्याला जातो, होस्टेलवर राहतो. मेसच्या कारभारात आणि स्नेहसंमेलनाच्या भानगडीत पडतो. वडिलांचे पैसे खर्च होतात, अभ्यास राहून जातो आणि शेवटी स्वारी पदवीशिवाय गावी परत येते. रेशमाचा किडा स्वतःभोवती विणतो तो कोसला. नावाचा अर्थ इथे उलगडू लागतो.

मग विनोद कुठे आहे? तो प्रसंगांपेक्षा सांगण्यात जास्त आहे. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोन शब्द पांडुरंग जागोजागी पेरतो. मोठेपणाची, थोर विचारांची गोष्ट निघाली की मागे ‘वगैरे’ लागते आणि तिच्यातली हवा निघून जाते. मधली काही पाने डायरीसारखी आहेत. पुस्तकी मराठीचा धाक कुठेच नाही. ज्या घरांत ‘हौ’ आणि ‘नक्को’ सर्रास चालते, ज्यांना पुण्याच्या नातेवाइकांसमोर आपल्या बोलीचा उगाच संकोच वाटतो, त्यांना पांडुरंग जवळचा वाटेल. पुण्यात तोही बाहेरचाच आहे.

हसत हसत पुढे जाता जाता धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. तिथे हसू थांबते. इतका वेळ सगळ्याची थट्टा करणाऱ्या मुलाला या दुःखाची थट्टा करता येत नाही आणि समजूतही घालता येत नाही. पुढे तो अजिंठा पाहायला जातो, तेव्हा बुद्धाच्या मूर्तींसमोरही मनी त्याच्या सोबत असते. ही पाने घाईने वाचू नयेत. आपल्यापैकी जुन्या घरांना अजिंठा परका नाही. 1956 पर्यंत तो हैदराबाद राज्यातच होता आणि तिथल्या चित्रांवरचे मोठे ग्रंथ निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी सिद्ध केले. ‘कोसला’ वाचून अजिंठ्याला गेलात, तर लेणी वेगळी दिसतील.

गावी परतलेल्या पांडुरंगाला आयुष्याचा हेतू सापडतो का? सरळ उत्तर मिळत नाही. गाव म्हणजे स्वर्ग, असे नेमाडे म्हणत नाहीत. तिथे रिकामी पोरे आहेत, कंटाळा आहे, वडिलांशी जुने बिनसलेले आहे. मात्र आपण काय केले, काय गमावले, याचा हिशेब तो स्वतःला न वाचवता मांडतो. आम्हाला वाटते, त्याच्या हाती लागलेला हेतू असलाच तर तो हाच.

म्हणून ही कादंबरी मुलांइतकीच पालकांनीही वाचावी. आपल्या शहरात आठवी-नववीपासून कोचिंग सुरू होते. निकालाच्या दिवशी घरात जी शांतता पसरते ती आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली आहे. नापास झालेल्या मुलाच्या मनात काय चालते, हे त्याला विचारायचे धाडस आपल्याला होत नाही आणि आपणहून तो सांगत नाही. पांडुरंग मात्र सगळे सांगतो. एका घरातल्या बाप-लेकाने हे पुस्तक पाठोपाठ वाचले, तर निदान बोलायला एक तिसरा माणूस मिळेल.

ज्यांची मराठी वाचनाची सवय सुटली आहे त्यांच्यासाठीही एक सोय आहे. हैदराबाद विद्यापीठात इंग्रजी शिकवलेले सुधाकर मराठे यांनी ‘कोसला’चे ‘ककून’ या नावाने इंग्रजी भाषांतर केले आहे. म्हणजे खानदेशातला पांडुरंग इंग्रजीत गेला तो आपल्या शहरातल्या प्राध्यापकामुळे. मुलांनी तिथून सुरुवात केली तरी हरकत नाही. मूळ पुस्तकाची पहिली वीस-पंचवीस पाने मात्र घरात मोठ्याने वाचून पाहा. ‘वगैरे’ कुठे आणि कसा येतो, हे कानांना लगेच कळते. मुले हसली, की पुढचे पुस्तक ती स्वतःच मागून घेतील.