ग्लासभर डाळिंब, पाऊण भाकरी

घरी काढलेल्या रसाला लेबल नसतं, ही त्याची मोठी सोय. आकडाच समोर नाही, म्हणजे पिणारा निर्धास्त. त्यात सोलापूरकराला डाळिंब म्हणजे घरचं फळ. 2016 साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर त्याच्यावर संशय घेणं म्हणजे गावाशी गद्दारीच. तरी आज घेऊच.

पाव किलोचं भगवं डाळिंब फोडा. साल गेली, पांढरे पापुद्रे गेले, की वाटीत उरतात दीडशे ग्रॅमच्या आसपास दाणे. ते मिक्सरमध्ये टाकून बटण दोनदा नुसतं टर्र करायचं, जास्त फिरवलं तर बी भरडली जाते आणि रस तुरट होतो. गाळल्यावर हाती येतो शंभर-सव्वाशे मिलिलिटर रस. म्हणजे 200 मिलिलिटरच्या ग्लासाला दोन डाळिंबं खर्ची पडली.

आता गंमत. मोबाइलवरच्या कॅलरी मोजणाऱ्या ॲपमध्ये 'दोन डाळिंबं' टाकली तर आकडा येतो अडीचशेच्या घरात, कारण 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 83 कॅलरी धरतात. ग्लासात मात्र असतात 110 ते 120. बाकीच्या कुणी पळवल्या? गाळणीनं. डाळिंबाच्या बीत तेल असतं, थोडी प्रथिनं असतात, भरपूर चोथा असतो आणि त्या ओल्या चोथ्याला थोडी साखरही चिकटून राहते. हे सगळं गाळणीत अडकतं. म्हणून घरच्या रसाचा हिशोब करताना फळं मोजायची नाहीत, रस मोजायचा. गाजराचंही तेच. अर्धा किलो गाजरात दोनशे कॅलरी, त्यातून निघालेल्या मोठ्या ग्लासभर रसात शंभर.

गाळणीनं कॅलरी कमी केल्या म्हणून खूश होण्याआधी एक बघा. तिनं काढली ती पोट भरणारी बाजू, साखर बरीचशी खाली उतरलीच.

पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी धरली तर तिच्यात 170 च्या आसपास कॅलरी. म्हणजे डाळिंबाचा एक ग्लास जवळपास पाऊण भाकरी. (मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही मानांकन 2016 चंच, तेव्हा सामना बरोबरीचा.) पाऊण भाकरी चावून खायला पाच मिनिटं तरी लागतात, कडक भाकरी असेल तर दहा. रस तीन घोटांत संपतो आणि नंतर भाकरी खायला माणूस मोकळा.

हे नुसतं आपलं निरीक्षण नाही. 1977 साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी लोकांना तेवढ्याच कर्बोदकांची सफरचंदं तीन रूपांत दिली: अख्खी, गर करून आणि रस काढून. रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगानं पोटात गेला आणि समाधान सगळ्यांत कमी त्यानंच दिलं. 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला हा प्रयोग आपल्याकडच्या आज्यांना न करताच ठाऊक होता. त्या पोराच्या हातात फोड द्यायच्या, ग्लास नाही.

ॲपशिवाय कॅलरी मोजायची युक्ती सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांकडे मिळेल. त्यांच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतो, वीतभर नळी. दाणा चिरडून दोन थेंब काचेवर टाकायचे, वरचं झाकण मिटायचं आणि नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं, आणि दोन्हींची सीमारेषा ज्या आकड्यावर थांबते तो ब्रिक्स. पंधरा आला तर 100 ग्रॅम रसात पंधरा ग्रॅम विरघळलेला ऐवज, मुख्यतः साखर. साखरेच्या एका ग्रॅमला चार कॅलरी. पंधरा चोक साठ, झाला हिशोब. त्यात आम्लंही मोजली जातात, त्यामुळे दोन-चार कॅलरी इकडंतिकडं. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रानं काढलेल्या 'सोलापूर लाल' वाणाचा ब्रिक्स सतराच्या पुढं जातो. लोह आणि जस्त जास्त असलेलं हे वाण, पण गोडीही जास्त, तेव्हा ग्लास 100 ग्रॅमला सत्तरीच्या दरानं मोजा.

बाकीचे ग्लास भराभर. सगळे 200 मिलिलिटरचे, साखर न घालता. काकडी 25 ते 30. टोमॅटो 35. गाजर 80. मोसंबी-संत्री 90. द्राक्षं 120. लिंबाचं सरबत? एका लिंबाच्या रसात जेमतेम पाच-सात कॅलरी, बाकी सगळी करामत चमच्याची. साखरेचा सपाट चमचा वीस कॅलरीचा, पण सरबताला सपाट चमचा कोण घालतं? शिगोशीग चमचा वजनकाट्यावर ठेवून बघा, जवळपास दुप्पट भरतो. दोन घातले की लिंबूपाणी मोसंबीच्या रसाला गाठतं.

ऊस हा वेगळाच मामला. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून उसाला नाही म्हणायचं तरी कसं? मे महिन्यात पारा 42 वर, चरकाचे घुंगरू वाजतायत, समोर कानिफनाथ नाहीतर नवनाथ नावाची रसवंती, आणि आलं-लिंबाचा वास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत मात्र सरळ बजावलंय: 100 मिलिलिटर उसाच्या रसात 13 ते 15 ग्रॅम साखर असते, जपून प्या. मोठ्यांनी दिवसाला 30 ग्रॅमच्या वर साखर घेऊ नये, असंही ती म्हणते. 'फुल' ग्लासात दिवसाचा कोटा आटोपतो. बर्फ जास्त घातलेला रस ही फसवणूक वाटते खरी, पण कॅलरीच्या दृष्टीनं ती ग्राहकसेवाच. जागतिक आरोग्य संघटनाही रसातल्या साखरेला फळातली साखर म्हणून सवलत देत नाही. चहातली आणि रसातली साखर तिच्या लेखी एकाच खात्यात.

आपण म्हणतो ती कॅलरी खरं तर किलोकॅलरी: एक लिटर पाणी एक अंशानं तापवणारी उष्णता. म्हणजे डाळिंबाचा ग्लास 12 लिटरची बादली दहा अंशांनी तापवेल. सोलापुरात उन्हाळ्यात तेवढ्यासाठी गच्चीवरची टाकी पुरते.

दुधीच्या रसाबद्दल विनोद नको. ग्लासात 25-30 कॅलरी, म्हणून वजन उतरवणाऱ्यांचा तो लाडका. पण एखादा दुधी कडू निघतो, आणि तो कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो. कडू रसानं माणसं दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं समिती नेमून सल्ला दिला: रस काढण्याआधी फोडीचा बारीक तुकडा चाखा, कडू लागला तर तो दुधी फेकून द्या. आवळा, पुदिना घालून चव झाकायला जाऊ नका.

बीटाचा रस पिऊन दुसऱ्या दिवशी सकाळी घाबरू नका, लाल रंग बीटाचाच. आणि गाजर-बीटाचा चोथा टाकू नका, ज्वारीच्या पिठात कांदा, तीळ, तिखट घालून त्याचं थालीपीठ फर्मास होतं. त्यावर दहा ग्रॅम लोण्याचा गोळा ठेवला की सत्तर कॅलरी.